पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने जगलेली माणसे : एका श्राव्यमालिकेचे परीक्षण

आजच्या काळात पवित्र आत्म्याचे, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसांत कार्य करणाऱ्या देवाच्या आत्म्याचे, कार्य ज्यांच्या आयुष्यातून दिसते, अशा माणसांची ओळख करून देणारी १२ भागांची एक श्राव्यमालिका आमच्या प्रार्थना गटाने नुकतीच ऐकून संपवली. बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची, म्हणजे त्याच्या प्रेरणेने माणसात येणाऱ्या सद्गुणांची, नऊ अंगे सांगितली आहेत. कॅथलिक परंपरा बायबलच्या लॅटिन पाठानुसार १२ फळे मोजते आणि मालिकेने प्रत्येक फळाला एक भाग दिला आहे. अशा मालिकांविषयी माझ्या मनात आधीपासूनच अढी असते, कारण त्यांतली माणसे पहिल्या मिनिटापासून संत असतात आणि त्यांच्या मागे सतत ऑर्गन वाजत असतो. ऑर्गन इथेही आहे, परंतु दोन भाग त्या अढीला पुरून उरले.

त्यांपैकी पहिला ग्लॅडिस स्टेन्स यांच्यावरचा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहॅम आणि १० व ६ वर्षांचे दोन मुलगे, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेले असताना जाळून मारले गेले, आणि ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, हे बहुतेक श्रोत्यांना ठाऊक असते. निवेदिका त्या क्षमेपाशी थांबत नाही, हे या भागाचे मोठे बळ. त्यानंतरही ग्लॅडिस बारीपदा येथील कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिल्या, २००४ पर्यंत त्यांनी भारत सोडला नाही, आणि वैयक्तिक क्षमा व कायद्याने व्हायची ती शिक्षा या दोन गोष्टींची त्यांनी गल्लत होऊ दिली नाही, हे सारे सावकाश, आवाज न चढवता सांगितले आहे. क्षमा केली म्हणजे खटलाही सोडून द्यायला हवा होता का, यावर आमच्या गटात त्या दिवशी तासभर बोलणे झाले. इतर कोणत्याही भागाने आम्हाला इतके बोलते केले नाही.

दुसरा भाग कोरी टेन बूम यांचा. राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत बहीण बेट्सी गमावलेल्या या डच बाईंसमोर १९४७ मध्ये म्युनिकच्या चर्चमध्ये त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून उभा राहिला. त्यांचा स्वतःचा हात उचलेना. इथे निवेदिका थांबते, संगीतही थांबते, आणि त्या काही सेकंदांच्या शांततेत ऐकणाऱ्याचाही हात जड होतो. मनात क्षमेची भावना उमटण्याआधीच त्यांनी केवळ आज्ञा म्हणून, मदतीची याचना करीत तो हात पुढे केला, हा बारकावा निर्मात्यांनी हरवू दिलेला नाही.

याउलट ऑस्कर रोमेरो यांच्या भागाने माझी निराशा केली, आणि विषय मोठा असल्याने ती अधिक जाणवली. रोमेरोंचे मित्र व धर्मगुरू फादर रुतिलिओ ग्रांदे यांची १२ मार्च १९७७ रोजी हत्या झाली आणि मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरचे हे भित्रे, पुस्तकी आर्चबिशप एका रात्रीत निर्भय झाले, अशी मांडणी इथे आहे. ग्रांदे यांच्या मृत्यूने त्यांना हलवले हे खरेच. त्यानंतरच्या रविवारी इतर सर्व मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) रद्द करून संपूर्ण धर्मप्रांतासाठी कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवण्याचा त्यांचा निर्णय धाडसाचा होता. परंतु १९७४ पासून ते सांतियागो दे मारिया येथे बिशप होते, तिथल्या शेतमजुरांची हलाखी त्यांनी जवळून पाहिली होती, आणि १९७५ मध्ये त्रेस काय्येस येथे सैनिकांनी शेतकऱ्यांना ठार केल्यावर ते त्या कुटुंबांच्या सांत्वनाला गेले होते. ती तीन वर्षे मालिकेने गाळली आहेत. आत्म्याचे कार्य विजेसारखेच दाखवायचे असा हट्ट धरला की नांगरटीची वर्षे अशी सुटून जातात. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करताना झालेली त्यांची हत्याही इतक्या चढ्या संगीतात बुडवली आहे की लोकांना मारण्याचे हुकूम पाळू नका, हे त्यांनी आदल्या दिवशी सैनिकांना केलेले आवाहन नीट ऐकूसुद्धा येत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप ममता या फळाच्या भागाविषयी आहे. त्यात १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या लार्श समुदायाची, म्हणजे मतिमंदत्व असलेल्या आणि नसलेल्या माणसांनी एका घरात राहण्याच्या प्रयोगाची कथा आहे, परंतु संस्थापक जाँ व्हानिए यांचे नावच कोठे येत नाही. त्यांनी किमान २५ स्त्रियांचे शोषण केल्याचे लार्शनेच नेमलेल्या अभ्यास आयोगाने २०२३ मध्ये जाहीर केले, म्हणून त्यांचा गौरव टाळला हे योग्यच; पण नाव गाळून मौन धरणे योग्य नाही. स्वतःच्या संस्थापकाची चौकशी करवून ती उघड करणाऱ्या समुदायाची हिंमत हाच या भागाचा खरा विषय होऊ शकला असता.

उरलेले भाग ठीक आहेत. मराठी निवेदन स्वच्छ असले तरी ‘अभिषिक्त’ हा शब्द इतक्या वेळा येतो की तो ऐकू येईनासा होतो. प्रत्येक भागाच्या शेवटी दिलेले प्रश्न तर पहिल्याच आठवड्यानंतर आम्ही सोडून दिले, कारण त्यांची उत्तरे प्रश्नातच होती. नव्या गटांनी ग्लॅडिस स्टेन्स यांच्या भागापासून सुरुवात करावी. रोमेरोंचा भाग आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा लावणार आहोत, पण ग्रांदे यांच्या हत्येपाशी तो थांबवून आधीची तीन वर्षे आमच्यापैकीच एकजण सांगणार आहे.