जुन्या फर्निचरवर कागद चिकटवायचाय? खळ, फेव्हिकॉल आणि डिंक यांचा हिशेब

आधी निकाल सांगतो, मग कारणं. कपाटाच्या दारासारख्या मोठ्या सपाट फळीवर मैद्याची खळ सगळ्यात उत्तम. कडा, कोपरे, ड्रॉवरचा पुढचा भाग अशा रोज हात लागणाऱ्या जागी फेव्हिकॉल एमआरसारखा पांढरा गोंद. बाटलीतला तयार डिंक पाकिटं बंद करण्यापुरताच ठेवा. नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो ठिसूळ होऊन तडकतो, पावसाळ्यात ओल ओढून पुन्हा चिकट होतो. शिवाय पातळ कागदातून त्याची पिवळसर छटा वर दिसते.

खळ करायला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. एक वाटी गार पाण्यात मैदा कालवून गुठळ्या पूर्ण मोडून घ्या. उरलेल्या चार वाट्या पाण्याला उकळी आणा, त्यात हे मिश्रण धार धरून ओता आणि मंद आचेवर पाच ते सात मिनिटं ढवळत राहा. दुधाळ रंग जाऊन अर्धपारदर्शक चकाकी आली की झाली. कच्ची राहिली तर वाळल्यावर पिठासारखी झडते. गार झाली की वरची साय काढून मलमलच्या फडक्यातून गाळा. एकही गुठळी राहिली तर ती कागदाखाली फोडासारखी उठून दिसते.

खळीचा खरा दोष म्हणजे तिला कसर, झुरळं लागतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बाइंडिंगवाले त्यासाठी खळीत मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे) घालतात. मोरचुदाची चिमूट कोमट पाण्यात विरघळवून गार खळीत मिसळा, तीही प्लास्टिकच्या डब्यात, कारण मोरचूद ॲल्युमिनियमच्या भांड्याला खातं. हे विष आहे. तो डबा स्वयंपाकघरात किंवा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आणि लहान मुलांच्या खाटेला, टेबलाला मोरचूद वापरायचंच नाही.

पांढऱ्या गोंदाचा फायदा म्हणजे तो पटकन धरतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. पण कागद सरकवायला वेळ देत नाही, म्हणून मोठ्या कागदाला सुरकुत्या पडतात. तीन भाग गोंदात एक भाग पाणी घातलं तर ब्रश सहज फिरतो. थंडीत आणखी एक अडचण येते. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा गारठ्यात वाळलेल्या गोंदाचा नीट पापुद्रा बनत नाही, तो खडूसारखा पांढुरका राहतो. तेव्हा ऊन वर आल्यावर काम सुरू करा आणि संध्याकाळच्या आत आटपा.

चिकटवण्यापेक्षा आधीची तयारी महत्त्वाची. जुन्या पॉलिशवर किंवा सनमायकावर काहीच टिकत नाही, म्हणून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, मग २२० ने गुळगुळीत करून ओल्या फडक्याने धूळ टिपा. बारीक भोकांतून ताजा भुसा गळत असेल तर लाकडात कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त करा, कागदाने ती फक्त झाकली जाईल. बुजवायच्या खाचांत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा.

सुरकुत्या का पडतात? कागद ओला झाला की फुगतो, वाळला की आक्रसतो. कोरडा कागद थेट ओल्या फळीवर ठेवला तर तो जागेवरच फुगतो आणि त्याला जायला वाट उरत नाही. म्हणून खळ कागदाच्या मागे लावा, तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या, मग फळीवर टेकवून मधून कडेकडे जुन्या प्लास्टिक पट्टीने दाबत जा. हवेचा फुगा राहिलाच तर सुई टोचून दाबा. इंकजेट प्रिंट ओल लागताच पसरते, लेझरची टिकते. वर्तमानपत्र वर्षभरात पिवळं पडतं, त्यामुळे ते फक्त आतल्या बाजूला.

नाशिककरांसाठी एक सुंदर पर्याय जुनी टपाल तिकिटं. त्यातली कित्येक इथल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली, तो प्रेस १९२५चा. पाकिटावरून सोडवायला ती कोमट पाण्यात भिजवा आणि पालथी वाळवा. छोट्या आकारामुळे गोल पायांवरही ती बसतात, जिथे मोठा कागद हमखास चुण्या पाडतो.

आता वरचा लेप. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचेच दोन हात देऊन बरेच जण थांबतात. शोकेससाठी ते चालेल, चहाच्या टेबलासाठी नाही, गरम कप ठेवला की गोंद मऊ पडतो आणि पांढरं वर्तुळ उमटतं. पण गोंदाचे हात न देता थेट तेलाचा व्हार्निश लावलात तर तो कागदात मुरून तेलकट डाग पडतात. क्रम असा: कागद पूर्ण वाळू द्या, पातळ गोंदाचे दोन हात द्या, एक दिवस सोडा, मग पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे (हा एक पारदर्शक व्हार्निश) तीन पातळ हात. पावसाळ्यात प्रत्येक हातामध्ये दुप्पट वेळ जाऊ द्या.

ड्रॉवर लगेच बंद करू नका, लेप लागलेल्या दोन कडा एकमेकींना चिकटतात आणि ओढताना कागद निघून येतो. कडेला दोन मिलिमीटर जागा सोडून कापा, आठवडाभर ड्रॉवर उघडा ठेवा आणि घासणाऱ्या बाजूंवर मेणबत्ती फिरवा.