ड्वार्फ फोर्ट्रेस: पाण्यासाठी तरी घ्याच

ड्वार्फ फोर्ट्रेस (ड्वार्फ म्हणजे बुटक्या माणसांसाठी जमिनीखाली वस्ती खोदून ती चालवायचा कॉम्प्युटर गेम) घेऊ का असं नाशिकच्या आमच्या गेमिंग ग्रुपवर बरेच जण विचारतायत, म्हणून लिहितोय, आणि फक्त पाण्याबद्दलच लिहितो कारण माझे पैसे तिथेच वसूल झाले. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांचा हा गेम २००६ पासून आहे, त्यांच्या साईटवर फुकटवालाही मिळतो पण तिथे सगळं अक्षरांत दिसतं, डिसेंबर २०२२ मध्ये स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आला त्यात नीट चित्रं आहेत, नवीन माणसाने तोच घ्यावा.

प्रत्येक चौकोनात पाणी १ ते ७ असं मोजतात. ३ पर्यंत ड्वार्फ चालत जातात, ४ झालं की पोहता न येणाऱ्याचं काही खरं नाही. आपण नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं असं बघून गोदेचा पूर सांगतो ना, तशीच या आकड्यांवर नजर ठेवायची सवय लागते.

पण खरा जीव आहे तो प्रेशरमध्ये. नदीपासून बोगदा खाली नेला, टाकी खोदली, वर विहीर बांधली, तर टाकी भरल्यावर पाणी थांबत नाही, ते नदीच्या लेव्हलकडे चढत राहतं, आणि विहीर नदीपेक्षा बरीच खाली असेल तर विहिरीतूनच वर येऊन जेवणघर, झोपायच्या खोल्या सगळं भरतं. उपाय मस्त आहे: बोगद्यात एके ठिकाणी पाण्याला फक्त कोपऱ्यातून तिरकं जाता येईल असं खोदा, तिरक्या वाटेने पाणी जातं पण प्रेशर जात नाही. खऱ्या पाण्याचा हा नियम नाही, पण गेममध्ये तो पक्का आहे, आणि हे एकदा कळलं की माणूस नकाशाच वेगळा काढायला लागतो.

फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवायचं दार, आधी बसवा, लिव्हरला, म्हणजे ते उघडझाप करायच्या दांड्याला, जोडा (दोन मेकॅनिझम, म्हणजे जोडणीचे यांत्रिक भाग, लागतात), उघडझाप करून बघा आणि मगच नदीकडची शेवटची भिंत फोडा. कारण लिव्हर ओढायला कुणीतरी ड्वार्फ चालत जावा लागतो, वर गेट हलायलाही थोडा वेळ जातो, तेवढ्यात पाणी कुठच्या कुठे पोचलेलं असतं. लिव्हर वरच्या कोरड्या मजल्यावरच ठेवा.

एक खटकतं, खूप पाणी वाहतं ठेवलं की गेम स्लो होतो, जुन्या लॅपटॉपवर तर जास्तच, त्यामुळे टाकी भरली की गेट बंद करून टाका.