दहा किलोचा किचन काटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा तोच पांढरा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा काटा. घरोघरी आहे, त्यामुळे माहिती देत बसत नाही. दिवाळीच्या फराळासाठी साडेतीनशेला घेतला, पण त्यावर बेसनापेक्षा आमची काबरीच जास्त बसली. काबरी म्हणजे आमची गावरान कोंबडी, सात वर्षांची. परवा काटा बंद पडला आणि विकणाऱ्याने वॉरंटीत असूनही हात वर केले, म्हणून लिहिते आहे.

काबरीने दोन वर्षांपूर्वीच अंडी बंद केली होती. तिला ठेवायची की नाही, हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही. जानेवारीत ती खुराड्यातून सगळ्यांच्या मागून उतरायला लागली. तुरा फिका पडला. उचलली तर हाताला हलकी लागली, म्हणून काट्यावर ठेवली: १६४० ग्रॅम. तेव्हापासून रोज सकाळी दाणे टाकण्याआधी वजन. रात्रीतून गळ्याची पिशवी रिकामी होते, म्हणून तीच वेळ खरी. सकाळीही पिशवी भरलेली लागली तर ते वेगळं दुखणं समजावं.

आता या काट्याचा दोष. आकडा दिसतो ती पट्टी ताटलीच्या अगदी पुढ्यात आहे. कोंबडी मावेल असा टब ठेवला की पट्टी पूर्ण झाकली जाते. वाकून बघायला जावं तर ती उठून उभी राहते आणि आकडा १५८०, १६६०, १६१० असा नाचतो. बनवणाऱ्याने ही पट्टी चार बोटं पुढे घेतली असती तर काय बिघडलं असतं? शेवटी ताटलीवर स्टीलचा डबा उपडा ठेवून त्यावर टब ठेवायला लागले. डबा आणि टब मिळून ४१२ ग्रॅम. वर ओढणी टाकली की अंधारात ती शांत बसायची. तेवढ्यात काटा आपोआप बंद व्हायचा आणि पुन्हा चालू केला की कोंबडीसकट शून्य! त्यावर उपाय सापडला: सगळं उचलायचं, उणे २०५२ असं काही दिसतं, त्यातून ४१२ वजा करायचे.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वजन १४६० वर आलं. भिजवलेली बाजरी, उकडलेलं अंडं, दहीभात, सगळं चालू केलं. मग वजन चढू लागलं. १५३०, १६१०, मार्चमध्ये १७०५. मी इतकी हरखले की या काट्याला पाच तारे देऊन टाकले. ते आज मागे घेते.

सासूबाईंनी एका दुपारी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, हिचं छातीचं हाड सुरीसारखं लागतंय. वजन कुठलं वाढतंय?" मी हात लावला. हाडाच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरलं होतं आणि खाली, दोन पायांच्या मध्ये, पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं डुचमळत होतं. चालतानाही ती पाय फाकवून चालत होती. हे मी रोज बघत होते, पण भरवसा आकड्यावर ठेवला.

डॉक्टरांनी सुईने १९० मिली पिवळसर पाणी काढलं. म्हाताऱ्या कोंबड्यांत अंडाशयाची गाठ किंवा बलक नळीत न जाता पोटात पडून झालेली सूज, ही नेहमीची कारणं असल्याचं त्यांनी सांगितलं. बायकांच्या अंडाशयाच्या कर्करोगाचा अभ्यास कोंबडीवर करतात, तोही याच कारणाने. बरं होण्यासारखं नव्हतं. पण पाणी काढल्यावर तिचा श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी ती जास्वंदीखालच्या मातीत कुशीवर पडली, एक पंख उन्हात पसरला, एक डोळा मिटला आणि पायाने माती अंगावर ओढत राहिली. तसे तीन आठवडे मिळाले. दुसऱ्यांदा पाणी काढल्यावर दहाच दिवस. दर वेळी पाण्याबरोबर अंगातली प्रथिनंही जातात, त्यामुळे तिसऱ्यांदा आम्ही नको म्हटलं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, तरी रात्री झोप लागत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात डाल्यात पहाटे गेली. आदल्या दिवशीचं वजन मी घेतलं नव्हतं, नुसती मांडीवर घेऊन बसले होते. जास्वंदीखालीच पुरली.

परवा लाडवांसाठी काटा काढला तर चालूच होईना. विकणारा म्हणतो पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही. ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे पाण्यात बुडवणं नव्हे, पण ऐकायची तयारीच नाही. उघडून पाहिलं तर सेलच्या पट्टीवर गंज होता. पॉलिश पेपरने घासला, नवे सेल घातले, वीस रुपयांत काम झालं.

घ्यायचा असेल तर पट्टी पुढे आलेला किंवा आकडा धरून ठेवणारा घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. घरात म्हातारी कोंबडी असेल तर आधी छातीचं हाड चाचपा, मग काट्यावर ठेवा. माझे तीन तारे. दुरुस्तीनंतर बरोबर दाखवतोय का ते बघायला डबा आणि टब ठेवला. ४१२.