दीड वर्ष इलेक्ट्रिक गाडी: पैसे वाचले, पण त्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं काय?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला गेलं की शोरूममध्ये रेंज, चार्जर आणि मोठ्या बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी याबद्दल भरभरून सांगतात. बॉनेटखाली जी १२ व्होल्टची साधी, लेड-ॲसिडची बॅटरी असते तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दिवाळीनंतर माझी गाडी याच बॅटरीपायी अडून बसली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही रचना जवळपास सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत सारखी आहे आणि घेणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यायला हवी.

आधी वापर सांगते. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो, माझी नोकरी सिन्नरच्या एमआयडीसीत. रोजचं जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर, आणि महिन्यातून एक-दोनदा ठाण्याला आईकडे. गाडी चार मीटरच्या आतली, तीस हजार किलोमीटरच्या आसपास चालली आहे.

दिवाळीला आम्ही रेल्वेने यवतमाळला सासरी गेलो. गाडी बेसमेंटमध्ये, ७० टक्क्यांच्या वर चार्ज करून ठेवलेली. परत आलो तर रिमोटला प्रतिसाद नाही. किल्लीत लपवलेली लोखंडी पट्टी बाहेर काढली, हँडलवरची प्लास्टिकची टोपी उचकटली, तेव्हा कुठे ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. आत सगळं काळं. ब्रेक दाबून बटण दाबलं तरी काही नाही. हॅझर्डचे दिवेसुद्धा लागेनात.

कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन केला. त्यांनी फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) पाठवला, तो बेसमेंटच्या उतारावरच अडकला, उंची कमी पडली. गाडी ढकलत वर न्यावी म्हटलं तर हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक आणि गिअरची नॉबही इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे चाकं जागची हलेनात. टोइंगवाला भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, ब्रेक सुटल्याशिवाय ही हलायची नाही, आणि करंट आल्याशिवाय ब्रेक सुटायचा नाही." सर्व्हिस सेंटरचं एकच पालुपद, "गाडी वर्कशॉपला आणा, मग बघू." ती आणायची कशी, याचं उत्तर दोन दिवस कोणाकडेच नव्हतं. जंप स्टार्ट द्यायला माणूस पाठवा म्हटलं तर "ईव्हीला बाहेर हात लावायची परवानगी नाही."

शेवटी नवरा नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या एका बॅटरीच्या दुकानातून एका मुलाला घेऊन आला. त्याने मल्टीमीटर लावला, ९.६ व्होल्ट. चांगली बॅटरी नुसती उभी असताना १२.६ च्या आसपास दाखवते, ११.८ च्या खाली गेली की रिकामी समजायची. त्याने जंप पॅक (बाहेरून करंट देणारी छोटी बॅटरी) जोडला, मी बटण दाबलं, सीटखालून टक-टक असा कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, बसल्याचा आवाज आला आणि स्क्रीन उजळली. मोठी बॅटरी ७१ टक्के! "ताई, गाडी बंद करू नका, अशीच चालवत वर्कशॉपला न्या," एवढं सांगून त्याने तीनशे रुपये घेतले. दोन दिवस अडलेलं काम वीस मिनिटांत झालं.

हे असं का होतं, ते सांगते. मी कारखान्यात काम करते, तिथे मोटरच्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर असतात, तसेच या गाडीत मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी असतात. गाडी बंद केली की ते उघडतात आणि शेकडो व्होल्टची बॅटरी बाकी गाडीपासून पूर्ण तुटते. अपघातात, पाण्यात, दुरुस्तीत माणूस सुरक्षित राहावा म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. पण ते कॉन्टॅक्टर पुन्हा बसवायला वीज लागते ती १२ व्होल्टच्या बॅटरीची. लॉक, स्क्रीन, ब्रेक, कॉम्प्युटर, सगळं तिच्यावर. ती स्वतः चार्ज होते ती मोठ्या बॅटरीतून, व्होल्टेज कमी करून देणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत, आणि तेही गाडी 'रेडी' (चालवायला तयार) असताना किंवा चार्जिंग सुरू असताना. उभ्या गाडीत मात्र मोबाइल ॲपशी बोलणारं युनिट, अलार्म, कोणी डॅशकॅम जोडला असेल तर तो, हे सगळे तिच्यातूनच थोडं थोडं पीत राहतात. काही गाड्या अधूनमधून स्वतःहून जाग्या होऊन तिला चार्ज करतात. माझी करत नाही. गाडी 'रेडी' न करता नुसती गाणी लावून बसलात तरी तीच बॅटरी उतरते.

पेट्रोलच्या गाडीत बॅटरी कमजोर झाली की सेल्फ ओढून ओढून फिरतो. चार दिवस आधीच कळतं, आपण बदलून टाकतो. इथे सेल्फ नाही, मोठा लोड नाही, त्यामुळे बॅटरी अर्धमेली असली तरी गाडी रोज व्यवस्थित सुरू होते. आणि मग एका सकाळी होत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की या गाड्यांत १२ व्होल्टच्या बॅटरीचा आकडा डॅशबोर्डवर आणि ॲपवर दिसलाच पाहिजे. टायरमधली हवा दाखवतात, मागच्या सीटवरचा बेल्ट दाखवतात, गाडी एसीसकट मोबाइलवरून सुरू करता येते. गाडीच्या कॉम्प्युटरला हा व्होल्टेज माहीत असतोच, दाखवायला एक ओळ पुरेल. पंधरा लाखांच्या वर पैसे मोजणाऱ्याला एवढं न देणं मला अजिबात पटत नाही.

आता खर्चाकडे येते, कारण गाडी घेतली ती खर्चासाठीच.

पार्किंगमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट आमच्याच मीटरवरून ओढला. केबल, एमसीबी आणि अर्थिंग मिळून अठरा-एकोणीस हजार गेले. अर्थिंगवर पैसे वाचवू नका, ते नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. माझ्या वापराला महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे युनिट लागतात, चार्जिंगमधली गळती धरून. घरच्या मीटरची अडचण अशी की गाडीची युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. १०० च्या पुढे सगळे आकार धरून बारा-तेरा रुपये पडतात, ३०० ओलांडले की सोळाच्या वर. ईव्हीला युनिट सात रुपये पडतं असं सांगणाऱ्याने आपलं बिल एकदा नीट वाचावं. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या (वेळेनुसार वेगळा दर लावणारा मीटर) घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे, म्हणून रविवारचं मोठं चार्जिंग मी दिवसा करते. एवढं करूनही किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. आधीची पेट्रोल गाडी १५ चा ॲव्हरेज द्यायची, म्हणजे सात रुपये. महिन्याला सहा हजारांच्या आसपास सरळ वाचतात, आणि ही रक्कम मी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकते, म्हणून खात्रीने सांगते आहे. बाहेरचं फास्ट चार्जिंग मात्र १८ टक्के जीएसटीसकट वीस-पंचवीस रुपये युनिट पडतं. रोज त्यावरच चालवायची असेल तर बचत बरीच कमी होते. घरी किंवा सोसायटीत पॉइंट मिळणार नसेल तर ईव्ही घेऊ नका, हे मी ओळखीतल्या सगळ्यांना सांगते.

ठाण्याला जाताना इगतपुरीहून समृद्धी धरते. जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. राष्ट्रीय महामार्गांवर ती नाही, घोटीला टोल भरावाच लागतो. सिन्नरच्या वाटेवरच्या शिंदे टोलला मी २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास वापरते (२०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना होता), पण तो पेट्रोल गाडीलाही मिळतो म्हणून ईव्हीच्या हिशेबात धरलेला नाही. एक लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच आहे. जाताना जेवढी बॅटरी लागते त्यापेक्षा येताना बरीच जास्त लागते. ठाण्याहून निघताना परतीचा हिशेब जातानाच्या टक्क्यांवर करू नका. समृद्धीवर १२० ने गेलात तर आकडा डोळ्यांदेखत घसरतो, मी नव्वदच्या पुढे जात नाही.

विम्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. थर्ड पार्टी प्रीमियममध्ये ईव्हीला १५ टक्के सूट असते, हे खरं. पण पेट्रोल गाडीचा गट सीसीवर ठरतो आणि ईव्हीचा किलोवॉटवर. ६५ किलोवॉटच्या वर मोटर गेली की थेट सगळ्यात वरचा गट, वर्षाला ६,७१२ रुपये. तेवढ्याच आकाराच्या १२०० सीसी पेट्रोल गाडीला ३,४१६. नवी गाडी घेताना तीन वर्षांचं एकदम भरायचं, म्हणजे २०,९०७ विरुद्ध १०,६४०. सूट मिळूनही दुप्पट जातात, आणि हे मला कोटेशनमध्ये शोधून काढावं लागलं. पीयूसी लागत नाही, रोड टॅक्स नव्हता, सर्व्हिसिंग स्वस्त आहे. ब्रेक पॅड जवळपास नवेच आहेत, टायर मात्र वजनामुळे लवकर झिजले.

मी घेतली तेव्हा पेट्रोल मॉडेलपेक्षा चार लाख जास्त दिले, ते साडेपाच वर्षांत वसूल होतील. आता घेणाऱ्याला हे गणित नव्याने मांडावं लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर सेससह २९ वरून १८ टक्क्यांवर आला, ईव्हीचा ५ टक्केच आहे. म्हणजे दोन्हींच्या किमतीतलं अंतर वाढलं. रोज चाळीस किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला मी आज ईव्ही सुचवणार नाही.

हे इथपर्यंत लिहिलं तेव्हा गाडी वर्कशॉपमध्ये होती आणि ती विकून टाकावी असं मनात होतं. काल परत मिळाली, आणि माझं मत थोडं बदललं आहे. तिथल्या एका तरुण टेक्निशियनने मला लॅपटॉपसमोर बसवून नोंदी दाखवल्या. बेसमेंटमध्ये नेटवर्क नसल्यामुळे ॲपचं युनिट झोपतच नव्हतं, रात्रभर सिग्नल शोधत जागं राहत होतं. त्यावर सॉफ्टवेअर अपडेट आहे, ते त्याने विनामूल्य टाकलं. माझ्या व्हेरिएंटला अपडेट मार्चपासून उपलब्ध होतं, मधल्या काळात गाडीची सर्व्हिसिंगही झाली, तेव्हा ते का टाकलं नाही, याचं लेखी उत्तर मी मागितलं आहे. नवी बॅटरी ५,४०० रुपये. मोठ्या बॅटरीच्या वॉरंटीत ही येत नाही म्हणून सगळे पैसे माझ्याकडून घेतले. दोष त्यांच्या सॉफ्टवेअरचा होता, तर पैसे त्यांनीच द्यायला हवेत, हे मी सोडणार नाही.

गाडी विकत नाही. बॅटरीवर आठशे रुपयांचा ब्लूटूथ व्होल्टमीटर बसवला आहे. काल रात्री १२.७ दाखवत होता, आज सकाळी १२.६. मे महिन्यात गाडी पुन्हा पंधरा दिवस उभी राहणार आहे. तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून तिचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचा उपाय न करता, फक्त अपडेटच्या भरवशावर ठेवून बघणार आहे. परत आल्यावर जो आकडा दिसेल तो इथे जोडेन.