ऑक्सिश्वसन की विनॉक्सिश्वसन?
ज्वारीच्या कडक भाकरीचं पचून ग्लुकोज झालं, की पेशीपुढे ऊर्जा काढायच्या दोन वाटा असतात: ऑक्सिजन वापरून (ऑक्सिश्वसन) किंवा त्याच्याविना (विनॉक्सिश्वसन). सुरुवात एकच: पेशीद्रव्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, निव्वळ 2 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती लागतात.

ऑक्सिजन पुरेसा असेल तर ते तुकडे तंतुकणिकेत (पेशीच्या ऊर्जाघरात) जाऊन पूर्ण मोडतात आणि एका ग्लुकोजमागे एकूण साधारण 30 ते 32 एटीपी मिळतात. विनॉक्सिश्वसनात त्या 2 वरच भागवायचं.

मग ते हवंच कशाला? वेगासाठी! सोलापूरच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच, जड काठी) पेलणाऱ्याचे हात बघा. काठीचा तोल सावरताना स्नायू इतके आवळतात की त्यांतला रक्तप्रवाह दबतो. त्या क्षणी विनॉक्सिश्वसनच धावून येतं, लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) साचतं. मिरवणुकीची लांबलचक चाल मात्र ऑक्सिश्वसनाच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक आम्लानं, असं अजूनही सर्रास सांगतात. ते खरं नाही. लॅक्टेट तास-दोन तासांत ओसरतं. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. दुखणं असतं स्नायूतंतूंच्या बारीक इजेचं.

दमच वाढवायचा असेल तर माझं मत ऑक्सिश्वसनाला: सोलापूरच्या होम मैदानावर रोज सलग, बोलता येईल इतक्या वेगानं पळा. त्यानं स्नायूंतल्या तंतुकणिका खरोखर वाढतात.