बिलात चेंजओव्हर, पेटीत दोन साधे एमसीबी

घरी जनरेटर जोडून घेत असाल, तर पेटी उघडून पाहिल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या बिलात ‘चेंजओव्हर स्विच’ (घर बाहेरच्या लाइनवरून, म्हणजे मेनवरून, जनरेटरवर नेणारा स्विच) अशी ठसठशीत ओळ होती आणि त्याचे पैसेही वेगळे लावले होते. पॅनेलशेजारी नवी पेटी आली, त्यावर ‘मेन’ आणि ‘जनरेटर’ अशा चिकटपट्ट्या. आत मात्र दोन सुटे एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे साधे स्विच. त्यांच्यात इंटरलॉक (एक वर असताना दुसरा वर जाऊच न देणारी अडकण) वगैरे काही नाही. आधी एक पाडायचा, मग दुसरा उचलायचा, आणि हा क्रम अंधारात घरच्यांनी लक्षात ठेवायचा!

खऱ्या चेंजओव्हरला सहसा दांडा एकच असतो: एका बाजूला मेन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम जोडले जाणं त्यात शक्यच नसतं. पैसे मोजायचे ते याचेच.

एकदा वीज गेल्यावर घरात कुणीतरी जनरेटरचा एमसीबी उचलला. मेनचा वरच होता. जनरेटर घरघरला आणि बसला. पाच केव्हीएचं यंत्र बाहेरच्या लाइनवरचा सगळा लोड ओढायला निघालं होतं, दुसरं काय होणार? बसला तेच बरं झालं. लाइन जवळच कुठे तुटलेली असती, तर लोड थोडाच उरला असता आणि तो चालूच राहिला असता. मग त्याचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटे शिरून पलीकडे हजारो व्होल्ट होतात, आणि वीज बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन जिवाला मुकतो. लाइट परत आली तर जनरेटरही जळतो, पण ते नुकसान त्यापुढे किरकोळच.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने पेटी उघडली तेव्हा बाकीचं बाहेर आलं. दोन्हीकडचे न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरी, एकत्र पिळलेले. (सिंगल फेजला दोन पोलचा चेंजओव्हर लागतो तो यासाठीच, न्यूट्रलही तुटायला हवा.) पाच केव्हीएला पूर्ण लोडवर करंट साधारण २२ अँपिअर, एमसीबी बसवला ४० चा. म्हणजे ओव्हरलोडला तो पडणारच नव्हता. अर्थिंगची हिरवी वायर पेटीमागे नुसती खोचलेली.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणाला, “साहेब, सगळीकडे असंच करतो, अजून कुणाची तक्रार नाही.” त्याने असंच जोडून दिलेल्या बाकीच्या घरांची मला खरी धास्ती वाटते.

तुमच्या पेटीत दांडे दोन असतील, तर मेन आणि जनरेटर दोन्हीकडचा पुरवठा बंद करून ते एकाच वेळी वर राहतात का ते पाहा. राहिले, तर तो चेंजओव्हर नव्हे. आणि कुणी दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल देऊन “ही सॉकेटमध्ये घाला, घर चालेल” म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या प्लगच्या उघड्या पिनांतच वीज असते.