टिरो देवनागरी मराठी: पुस्तकाच्या मजकुरासाठी भरवशाचा फॉन्ट

मराठी पुस्तकात हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसले, की फॉन्ट न तपासता लावलाय हे पहिल्याच ओळीत कळतं. संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा संकेतांक एकच आहे. कोणतं रूप उमटणार हे फॉन्ट ठरवतो. पुष्कळ फॉन्टमध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच ते दिसतात. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ही नोंद सहज पुसली जाते आणि मग अर्धं पुस्तक एका वळणाचं, अर्धं दुसऱ्या वळणाचं होऊन बसतं. टिरो देवनागरी मराठीत मराठी रूपं मूळचीच आहेत, भाषेची नोंद असो वा नसो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानलेली रूपंही हीच. केवळ एवढ्यासाठीसुद्धा हा फॉन्ट संगणकात असायला हवा.

हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ ही ग्रंथमाला २०१५ पासून निघते आहे. तिच्यासाठी घडवलेल्या देवनागरीतून टिरो टाइपवर्क्स या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट केले. तिन्ही मोफत आहेत आणि खुल्या परवान्याचे आहेत. विकायच्या पुस्तकात, ई-बुकात किंवा संकेतस्थळावर ते बिनदिक्कत वापरता येतात, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. नावं सारखी असल्याने उतरवून घेताना ‘मराठी’ हाच घेतला ना, हे पाहा.

अक्षरं गोलाईची आहेत, पोकळ्या, म्हणजे अक्षरांच्या आतल्या जागा, मोकळ्या आहेत आणि जाड-बारीक रेषांतला फरक बोरूच्या वळणाशी इमान राखतो. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पोथ्या पाहिलेल्यांना हा बाज ओळखीचा वाटेल. अशा अक्षराला ‘सेरिफ’ (टोकांना बारीक आडव्या रेषा असलेल्या लॅटिन अक्षरांचा प्रकार) म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मॅक्सिमिलियन व्हॉक्स या फ्रेंच जाणकाराने १९५४ मध्ये केलेल्या फॉन्टच्या वर्गीकरणाचे कप्पे लॅटिन अक्षरांसाठी होते. लॅटिनबाहेरच्या लिपींसाठी पुढे त्याला जोड मिळाली ती ‘लॅटिनेतर’ नावाच्या एकाच कप्प्याची, आणि जगातल्या बाकी सगळ्या लिपी त्यात कोंबल्या गेल्या. अक्षररचनाकारांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते वर्गीकरण स्वीकारलं होतं, तिनेच २०२१ मध्ये ते सोडून दिलं. देवनागरी पारखताना लेखणीचा कोन, शिरोरेषेची जाडी, पोकळ्यांचं माप आणि जोडाक्षरांची मांडणी एवढंच पाहावं. या चारही बाबतींत टिरो चोख आहे. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘कार्त्स्न्य’ यांसारखे शब्दही ओळीत काळे डाग पाडत नाहीत.

डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराच्या पुस्तकाला ११ पॉइंट अक्षर आणि १७ पॉइंट ओळअंतर ठेवून सुरुवात करा. १५ वर आलात तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडू लागतात. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवूच नका, शिरोरेषा तुटते. ओळ भरत नसेल तर शब्दांमधलं अंतर बदला. पडद्यावर १८ पिक्सेलच्या खाली गेलात की बारीक रेषा विरू लागतात. वर्तमानपत्री कागदावरही त्या नीट टिकत नाहीत.

इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (ओळी रचणारी सोय) लावलेला हवा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात आणि दोष फॉन्टवर येतो. वर्डमध्ये देवनागरी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या सदरात मोडते, त्यामुळे फॉन्ट आणि आकार शैलीच्या त्या रकान्यातही भरावे लागतात.

मोठी उणीव एकच: ठळक वजन नाही. साधा आणि तिरका, एवढीच दोन रूपं मिळतात. वर्डमध्ये ‘बी’ दाबलं की ठळक दिसतं खरं, पण तो संगणकाने फुगवलेला आकार असतो. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ठ’ यांच्या पोकळ्या त्यात बुजून जातात. ब्राउझरही हेच करतो, म्हणून सीएसएसमध्ये (संकेतस्थळाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांत) कृत्रिम ठळकपणा बंद करून ठेवावा. मथळ्यांना ‘मुक्त’ (Mukta) हा फॉन्ट लावा. ‘एक टाइप’ या संस्थेच्या या फॉन्टमध्ये सात वजनं, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्या आहेत आणि त्याच्या एकसारख्या जाडीच्या रेषा टिरोशेजारी भांडत नाहीत. मात्र तिथे भाषेची नोंद करून ल आणि श पुन्हा तपासा. मजकुरातल्या एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर अवतरणचिन्ह पुरतं. तिरकं रूप संदर्भातल्या ग्रंथनामापुरतं ठेवावं. आख्खा परिच्छेद तिरका केला की उभ्या दंडांची लय बिघडते आणि डोळे थकतात. पाठ्यपुस्तकासारखं दर पानाला ठळक शब्द मागणारं काम असेल, तर टिरोच्या वाटेला जाऊच नये.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर आणला असेल, तर ‘दऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘बऱ्हाणपूर’ हे शब्द शोधून पाहा. रूपांतरात ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, त्यामुळे जुन्या फायलींत त्याच्या जागी ‘अ’ला वेगळा चंद्र जोडलेला सापडतो. दिसायला तो सारखाच वाटतो, पण शोधताना सापडत नाही. छपाईला पाठवण्याआधी एवढं दुरुस्त करून घ्या आणि कागदावर एक पान खऱ्या आकारात काढून पाहा. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं ओळअंतर नेहमी पुरेसंच भासतं.